टायरची साईझ जुळली, पण वजनाचं काय?

मालवाहतूक : वाचकांचे प्रश्न

या खेपेला टायरबद्दलचे प्रश्न इतके आले की इंजिन आणि विम्याची पत्रं पुढच्या अंकासाठी राखून ठेवली आहेत. काही प्रश्न एकाच मुद्द्याभोवती फिरत होते, ते एकत्र घेतले आहेत.

माझी सहाचाकी गाडी आहे, आरसीवर एकूण वजन १८,५०० किलो. चाकणहून बेळगावला यंत्रांचे सुटे भाग नेतो. मूळ टायर २९५/९० आर २० होते. ते झिजल्यावर दुकानदाराने पुढे दोन नवे १०.०० आर २०, १६ पीआर (टायरच्या ताकदीचा दर्जा) घालून दिले. "तीच डिस्क (ज्यावर टायर बसतो तो चाकाचा लोखंडी भाग), तीच उंची, काही फरक नाही" असं सांगितलं. चार महिन्यांत दोन्हींच्या खांद्याला (माथा आणि भिंत मिळतात तिथे) फुगे आले. दुकानदार म्हणतो गाडी ओव्हरलोड होती. मी म्हणतो गाडी कायम पासिंगमध्येच (आरसीवरच्या वजनाच्या आत) होती. खरं काय?
— मालवाहतूकदार, चाकण

तुमची गाडी पासिंगमध्ये असेल, पण पुढचे टायर पासिंगमध्ये नव्हते. तुम्ही म्हणता तेही खरं आणि दुकानदार म्हणतो तेही खरं, आणि म्हणूनच हा घोळ वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

टायरच्या भिंतीवर साईझच्या पुढे १४६/१४३ आणि एक इंग्रजी अक्षर असं कोरलेलं असतं. टायर किती वजन पेलतो ते हे आकडे सांगतात : पहिला टायर एकेरी लावला तर, दुसरा जोडीत (एका बाजूला दोन शेजारी-शेजारी) लावला तर. हे किलो नव्हेत, ठरलेल्या तक्त्यातले क्रमांक आहेत. ट्रकवाल्याने एवढे पाठ करून ठेवावेत : १४३ म्हणजे २,७२५ किलो, १४६ म्हणजे ३,०००, १४८ म्हणजे ३,१५०, १४९ म्हणजे ३,२५०, १५० म्हणजे ३,३५०, १५२ म्हणजे ३,५५० आणि १५४ म्हणजे ३,७५०. शेवटचं अक्षर वेगाचं : जे म्हणजे ताशी १०० किलोमीटर, के ११०, एल १२०, एम १३०.

आता तुमचा हिशोब. १८.५ टनी गाडीत साधारणपणे पुढच्या ॲक्सलवर ७ टन आणि मागच्यावर ११.५ टन धरलेले असतात. तुमच्या गाडीचे नेमके आकडे केबिनच्या दाराजवळच्या किंवा चॅसीवरच्या पाटीवर बघा. १०.०० आर २०, १६ पीआर या टायरवर बहुधा १४६/१४३ असतं. पुढे दोन टायर, म्हणजे ३,००० गुणिले २, एकूण ६,००० किलो. ॲक्सलवर ७,००० येऊ शकतात. हजार किलो कमी पडले, म्हणजे प्रत्येक टायर पाचशे किलो जास्त वाहत होता, तोही गाडी कायद्यात असताना. १८ पीआर घेतला आणि त्यावर १४९ असेल, तरी बेरीज ६,५००च होते. ७ टनांच्या पुढच्या ॲक्सलला एका टायरला ३,५०० किलो पेलता आले पाहिजेत, आणि तक्त्यात ३,५००च्या वर जाणारा पहिला क्रमांक १५२ आहे. मागे चार टायर : १४३ने १०,९०० होतात, तेही ११,५००ला अपुरे. १४६ने १२,००० होतात आणि १४८ने १२,६००.

बाजारात हा १४६/१४३चाच टायर अजून "ट्रकचा टायर" म्हणून का खपते, त्याचं उत्तर जुन्या कायद्यात आहे. २०१८च्या जुलैपर्यंत सहाचाकी गाडीचं एकूण वजन १६.२ टन होतं : पुढे ६, मागे १०.२. १४६/१४३चा टायर त्या हिशोबात चपखल बसायचा. मग केंद्र सरकारने चार टायरच्या ॲक्सलची मर्यादा ११.५ टन आणि आठ टायरच्या जोड-ॲक्सलची १९वरून २१ टन केली. गाड्या बदलल्या, पण दुकानातली सवय बदलली नाही. एखादी गाडी २०१८च्या आधीची असेल आणि तिच्या आरसीवर १६,२०० असतील, तर हा टायर तिला चालेल. तुमच्या गाडीला नाही. कमी वेगाच्या वापरासाठी काही कंपन्या जादा वजनाची सूट देतात, पण ती कंपनीच्या छापील तक्त्यात असते आणि त्या वापरापुरती असते. काउंटरवर तोंडी मिळालेली सूट धरू नका.

फुगा खांद्यालाच का आला? जास्त वजनाखाली टायरची भिंत दर फेऱ्याला गरजेपेक्षा जास्त दबते आणि परत उठते. त्या दुमडण्याची उष्णता सगळ्यात जास्त साठते ती खांद्यात, कारण तिथे रबर सर्वांत जाड असतं आणि पोलादी पट्ट्यांच्या कडा तिथेच संपतात. तापून तापून पट्ट्याच्या कडेपासून रबर सुटतं आणि मध्ये हवा शिरते. बाहेरून दिसतो तो फुगा. पुढची पायरी म्हणजे रस्त्यावर पट्टा उचकटून निघणं. ते दोन्ही टायर आजच उतरवा. मागे लावू नका, स्टेपनीलाही ठेवू नका.

नवे घेण्याआधी एक काम करा. तुमच्या नेहमीच्या मालाने भरलेली गाडी काट्यावर न्या आणि फक्त पुढची चाकं फळीवर घेऊन वजन घ्या. मग पूर्ण गाडीचं घ्या. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की मागचा ॲक्सल मिळतो. काट्याची फळी आणि पुढचा-मागचा रस्ता एका पातळीत असला पाहिजे, गिअर न्यूट्रलमध्ये आणि वजन वाचताना ब्रेक सोडलेला. (चाकाला लाकडाची उटी लावून ठेवा.) सुट्या भागांच्या पेट्या केबिनला चिकटवून रचल्या, तर एकूण वजन बरोबर असूनही पुढचा ॲक्सल भरून वाहतो. असं असेल तर टायर बदलण्याआधी माल मागे सरकवा.

१० चाकी टिपर, वाघोलीच्या खाणीतून खडी. १८ पीआरचा टायर घेतला तर १६ पीआरपेक्षा किती टन जास्त भरता येईल? आणि १६ पीआर म्हणजे आत खरोखर १६ थर असतात का?
— टिपरमालक, वाघोली

थरांचं आधी सांगतो. नाहीत. सुती धाग्याच्या जमान्यात थर मोजून ताकद सांगायचे, ती भाषा मागे उरली. आजच्या पोलादी रेडियल ट्रक टायरच्या भिंतीत तारांचा एकच थर असतो आणि माथ्याखाली (रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली) तीन-चार पट्टे. १६ पीआर हा फक्त दर्जा आहे : हा टायर अमुक हवेला अमुक वजन पेलतो. दोन कंपन्यांच्या १६ पीआरवर वजनाचे क्रमांक वेगळे असू शकतात. म्हणून पीआर ऐका, पण खरेदी क्रमांक वाचून करा.

आता भरण्याचं. एक किलोही जास्त नाही. गाडीत किती भरायचं ते आरसी ठरवते. टायर बदलल्याने स्प्रिंगचे पाटे, ॲक्सल, ब्रेकचे ड्रम आणि डिस्क काहीच बदलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४मध्ये २०१९च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवून घ्यावा लागतो.

१८ पीआरचा उपयोग दुसरा आहे. आरसीवर २८ टन असलेल्या १० चाकीत पुढे ७ आणि मागच्या जोड-ॲक्सलवर २१ टन. मागे ८ टायर, प्रत्येकी २,६२५ किलो. म्हणजे मागे १४३सुद्धा पुरतो (८ टायरचे २१,८००), पण पुढे तोच टायर हजार किलो कमी पडतो. कागदावर वाटतं, मागे हलका आणि पुढे भारी घ्यावा. तसं करू नका. रात्री खाणीतून निघताना पुढचा पंक्चर झाला की क्लिनर हाताला येईल ती स्टेपनी पुढे लावणार. सगळ्या गाडीला पुढच्या ॲक्सलच्या हिशोबाने एकच टायर घ्या, म्हणजे कुठलाही टायर कुठेही चालेल.

१८ पीआर घेताना डिस्कवर कोरलेली हवेची आणि वजनाची मर्यादाही वाचा. १६ पीआर साधारण १२० पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप, पौंड प्रति चौरस इंच) त्याचं पूर्ण वजन पेलतो, १८ पीआरला १३५च्या आसपास लागतात. जुनी डिस्क तेवढी सोसणारी नसेल तर टायरचा जादा दर्जा वाया गेला. आणि १८ पीआरमध्ये १२०च भरली, तर तो १६ पीआरएवढंच वजन पेलतो. वजन पेलते ती हवा. टायर ती हवा धरून ठेवतो, एवढंच.

खाणीसाठी नक्षीचंही बघा. मागे खोल लग (जाड ठोकळ्यांची नक्षी) किंवा खाण-रस्ता दोन्हींसाठीची मिश्र नक्षी घ्या, कारण टोकदार खडीने साध्या रिबच्या (सरळ पट्ट्यांच्या नक्षीच्या) खोबणी चिरतात. पण जाड रबर तापतं जास्त आणि थंड व्हायला वेळ घेतं. असा टायर लावून नगर रस्त्याने दूरच्या फेऱ्या मारायच्या असतील तर वेग आवरा.

मंचरहून मार्केट यार्डात कांदा-बटाटा येतो. गाडी ७.५० आर १६ टायरची. एक पंक्चरवाला म्हणतो ८० हवा ठेवा, दुसरा म्हणतो ११०. उन्हाळ्यात दुपारी मोजली तर सकाळपेक्षा १२-१५ जास्त निघते, तेव्हा ड्रायव्हर हवा काढून टाकतो. योग्य काय?
— शेतमाल वाहतूकदार, मंचर

दुपारी हवा काढणं आजपासून बंद करा. बाकीचं मग.

हवा नेहमी थंड टायरची मोजायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. टायरमधली हवा १० अंशांनी तापली की शंभरेक पीएसआयच्या टायरमध्ये साडेतीन-चार पीएसआय वाढतात. भरलेली गाडी तासभर पळाली की आतली हवा ३०-४० अंशांनी तापते, म्हणजे १२-१५ वाढणं अगदी रास्त आहे. टायर बनवतानाच ही वाढ धरलेली असते. ड्रायव्हरने ती काढली की रात्री टायर थंड झाल्यावर १५ कमी उरतात, आणि दुसऱ्या दिवशी भरलेली गाडी मऊ टायरवर निघते. मऊ टायर जास्त तापतो, दुपारी पुन्हा आकडा चढतो, पुन्हा हवा काढली जाते. वाढ १५-२० टक्क्यांच्या पुढे जात असेल तर हवा काढून उपयोग नाही. तो टायर कमी हवेवर किंवा जादा वजनावर चालतोय, नाहीतर त्या चाकाचा ब्रेक घासतोय. कारण शोधा.

किती ठेवायची? टायरवरच लिहिलेलं असतं : जास्तीत जास्त अमुक किलो, अमुक हवेला, थंड असताना. तुमच्या टायरवर १२२/११८ असेल, तर एकेरीला १,५०० किलो आणि जोडीत १,३२०, पण त्या लिहिलेल्या हवेला. हवा कमी म्हणजे ती क्षमताही कमी. काट्यावर ॲक्सलचं वजन घ्या, टायरच्या संख्येने भागा आणि टायर कंपनीच्या हवा-वजन तक्त्यात त्यासमोरचा आकडा बघा. हा तक्ता विक्रेत्याकडून मागून घ्या, त्यांच्याकडे असतो. रिकाम्या परतीसाठी हवा कमी-जास्त करत बसू नका. भरलेल्या गाडीची ठेवा आणि तशीच राहू द्या.

कांद्याचा एक खास मुद्दा : ओल्या, नव्या कांद्याच्या त्याच पिशव्या सुक्या कांद्यापेक्षा जड भरतात. पिशव्या मोजून वजन धरलं तर फसाल.

आमच्या गाड्यांचे मागच्या जोडीतले आतले टायर आधी जातात. बाहेरचे धडधाकट. आम्ही आतला नवा बसवतो, बाहेरचा तोच ठेवतो. तरी पुन्हा तेच.
— वाहतूक व्यवस्थापक, भोसरी

तुमच्या उपायातच अर्धं कारण आहे. नवा आणि अर्धा झिजलेला टायर एका जोडीत लावला की दोघांचे व्यास वेगळे, पण दोघं एकाच हबला बांधलेले. फेरे सारखे आणि घेर वेगळे, म्हणून कुणीतरी एकजण रस्त्यावर घसटत जाणारच. १०.०० किंवा २९५च्या टायरसाठी व्यासातला फरक १२ मिलिमीटरच्या आत हवा, म्हणजे घेरातला फरक ३८च्या आत. ८.२५ आणि त्याहून लहान टायरसाठी व्यासात ६, घेरात १९. ही मर्यादा फार कडक वाटत असेल तर हिशोब करून बघा. टायरचा घेर सव्वातीन मीटरच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला तीनशेच्या वर फेरे. प्रत्येक फेऱ्याला ३८ मिलिमीटर धरले, तर किलोमीटरमागे जवळजवळ १२ मीटर घसट होते. पुणे-नाशिक एका फेरीत साधारण अडीच किलोमीटर. शिवाय मोठा टायर जोडीचं जास्त वजन उचलतो, आणि तुमच्याकडे तो आत आहे.

मोजायचं असं : दोन्हींत सारखी हवा भरा, चाक जॅकवर उचला आणि शिंप्याची नव्हे, लोखंडी टेप माथ्याच्या मधोमध फिरवून घेर घ्या. थोडा फरक असलाच तर लहान टायर आत, मोठा बाहेर. रस्त्याला मध्ये उंचवटा असतो आणि ॲक्सल वजनाने किंचित वाकतो, त्यामुळे आतल्यावर आधीच जास्त भार येतो. तो लहान असला की वाटणी थोडी सारखी होते.

दुसरं अर्धं कारण हवेचं. आतल्याचा वॉल्व्ह हाताला लागत नाही, म्हणून कुणी मोजत नाही. हातोडीने ठोकून आवाजावर ठरवतात. ठोकल्याने पूर्ण बसलेला टायर कळतो. १२० ऐवजी ९० असलेला टायर भरलेल्यासारखाच वाजतो. सगळ्या आतल्या टायरना वॉल्व्हची लांब नळी बसवून घ्या आणि आठवड्यातून एकदा गेजने मोजून वहीत लिहा. जोडीतल्या दोघांत ५ पीएसआयपेक्षा जास्त फरक नको.

जोडीतला एक बसला तर काय होतं, ते ड्रायव्हरला आकड्यांत सांगा. ११.५ टनी ॲक्सलच्या एका बाजूला ५,७५० किलो. दोघं मिळून वाहतात तोवर प्रत्येकी २,८७५. एक गेला की ५,७५० एकट्यावर, आणि १५२चा टायरसुद्धा एकेरी ३,५५०चा आहे. साठ टक्क्यांहून जास्त ओझं. "पुढच्या धाब्यापर्यंत नेऊ" म्हटलं की दुसराही गेला.

जाता जाता : दोन टायरमध्ये दगड अडकलाय का ते रोज बघा. खाणीच्या गाड्यांत आतल्या टायरची भिंत चिरते ती बहुतेक वेळा अशा दगडानेच.

पुढच्या चाकांना रिट्रेड (जुन्या टायरवर नवा माथा चढवलेला) चालेल का? पुढे रेडियल आणि मागे नायलॉन (पोलादी तारांऐवजी नायलॉनच्या धाग्यांचा टायर) चालेल का?
— दोन पत्रं, निगडी आणि उरुळी कांचन

पुढे रिट्रेड नको. मागे पट्टा निघाला तर शेजारचा टायर गाडी धरतो, पुढे धरायला कुणी नाही.

मागे जरूर लावा, त्यात पैसे वाचतात. पण केसिंग (माथ्याखालचा टायरचा सांगाडा) चांगली असेपर्यंतच. टायर तळापर्यंत घासून मग रिट्रेडला नेणं हा सर्वांत महाग पडणारा प्रकार आहे, कारण पोलादी पट्ट्याला ओल लागली की आत गंज धरतो. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालवता येतं, खोबणीतल्या उंचवट्यांशी माथा समपातळीत आला की ती मर्यादा आली. रिट्रेड करायचा असेल तर ३-४ मिलिमीटर शिल्लक असताना उतरवा. पुढचेही ४ मिलिमीटरला उतरवून मागे घ्यावेत, विशेषतः जूनच्या आधी. थंड पद्धतीत तयार पट्टा सुमारे १०० अंशांवर चिकटवतात, गरम साच्यात सुमारे १५० अंश लागतात. जुन्या केसिंगला कमी उष्णता बरी. एकेकाळी कमी हवेवर पळालेली, बीड (डिस्कवर बसणारी टायरची कड) फाटलेली किंवा खांद्याला फुगा आलेली केसिंग कुणी फुकट करून दिली तरी घेऊ नका.

रेडियल आणि नायलॉन एका ॲक्सलवर कधीही नाही. दोघांच्या भिंती वेगवेगळ्या दबतात, वळणावर गाडी एका बाजूला ओढते आणि जोडीत असतील तर वजनाची वाटणीच बिघडते. पूर्ण गाडी एकाच प्रकाराची ठेवा.

टायर "नवा" आहे हे कसं ओळखायचं?
— वाचक, हडपसर

भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. हे आकडे कधीकधी एकाच बाजूला असतात, टायर उलटून बघा. सावलीत नीट ठेवलेला वर्षभरापूर्वीचा टायर घ्यायला हरकत नाही. त्याहून जुना असेल तर किमतीत बोला. उन्हात रचून ठेवलेला, भिंतीवर बारीक तडे दिसणारा नको. आयएसआयची खूण आणि आयएस १५६३६ हा क्रमांक बघा, व्यावसायिक वाहनांच्या टायरचं मानक ते आहे. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर उतरवून आतून तपासा. नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांच्या पुढे वापरू नका, आणि यात स्टेपनीही आली.

कात्रज आणि खंबाटकी घाटांतून रोजची ये-जा. ट्यूबचे १०.०० आर २० काढून ट्यूबलेस २९५/८० आर २२.५ घालावेत का?
— ट्रकमालक, भोर

घाटासाठी ट्यूबलेस खरंच चांगला. ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि डिस्क यांच्यामधली रबरी पट्टी) नसल्याने आतलं घर्षण कमी, टायर कमी तापतो. खिळा लागला तर हवा हळूहळू उतरते आणि बाजूला घ्यायला वेळ मिळतो. व्यास जवळजवळ तोच राहतो, त्यामुळे गिअर आणि स्पीडोमीटरमध्ये जाणवेल असा फरक पडत नाही. १५२/१४८चा घेतला तर वजनाचा प्रश्नही सुटतो.

अडचण डिस्कची. ट्यूबलेसला सलग, रिंग (टायर डिस्कवर अडकवून धरणारं सुटं लोखंडी कडं) नसलेली २२.५ची डिस्क लागते. २०च्या डिस्कवर तो बसतच नाही, म्हणजे सगळ्या डिस्क बदलायच्या, स्टेपनीसकट. २९५चा टायर १०.००पेक्षा रुंद असतो, त्यामुळे डिस्कचं अंतर चुकीचं निवडलं तर जोडीतले दोन टायर भरल्यावर एकमेकांना घासतात. तुमच्या मॉडेलला गाडीच्या कंपनीनेच ट्यूबलेसचा पर्याय दिला असेल, तर त्याच भाग-क्रमांकाची डिस्क घ्या. नसेल तर या फंदात पडू नका, ट्यूबचाच योग्य क्रमांकाचा टायर घ्या, आणि दर नव्या टायरला ट्यूब-फ्लॅपही नवे घाला. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते आणि घडीवरच ती फाटते.

घाटात टायर मरतो तो बऱ्याचदा ब्रेकमुळे. ड्रम तापला की ती उष्णता डिस्कवाटे बीडला पोचते, फ्लॅप कडक होऊन तडकतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गाडी न्यूट्रल करून ब्रेकवर सोडू नका. चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरवा, एक्झॉस्ट ब्रेक असेल तर लावा. खाली पोचल्यावर डिस्कजवळ हात नेऊन बघा, टेकवू नका. एकाच चाकाची धग जास्त लागत असेल तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही.

मी पंक्चरच्या दुकानात काम करतो. रिंगवाल्या चाकात हवा भरताना रिंग उडून माणूस गेल्याचं ऐकलं. आमच्याकडे पिंजरा (हवा भरताना चाक ज्यात ठेवतात तो) नाही, मालक म्हणतो टायर उलटा ठेवून भर. ते पुरेसं आहे का?
— कामगार, लोणी काळभोर

नाही, पुरेसं नाही. मालकांना हे उत्तर वाचायला द्या.

ट्रकच्या टायरात १२० पीएसआय म्हणजे रिंगच्या प्रत्येक चौरस इंचावर ५० किलोहून जास्त जोर. पूर्ण रिंगवर तो कित्येक टन भरतो. रिंग खाचेत नीट बसलेली नसेल तर ती डोळ्यांनी पाहण्याआधीच उडते. चाक पालथं ठेवून रिंग जमिनीकडे केली, तर सगळं चाकच वर उसळतं.

पिंजरा जाड नळीच्या लोखंडाचा करून घ्यावा, जमिनीला बोल्ट न मारता, म्हणजे धक्का सगळ्या पिंजऱ्यात विभागला जातो. हवेच्या नळीला वॉल्व्हला आपोआप पकडणारी चाप बसवा आणि नळी किमान तीन मीटर ठेवा. गेज आणि हवेचा कॉक तुमच्या हाताशी, चाकापाशी नव्हे. उभं राहायचं ते चाकाच्या माथ्याच्या बाजूला, रिंगसमोर कधीही नाही.

बसवण्याआधी खाच आणि रिंग तारेच्या ब्रशने साफ करा. गंजाची पापडी खाचेत राहिली की रिंग बसल्यासारखी दिसते आणि बसलेली नसते. वाकलेली, तडकलेली किंवा वेल्डिंग केलेली रिंग भंगारात. दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या मापाची रिंग "बसतेय" म्हणून लावू नका. आधी २० पीएसआय भरा, थांबा, रिंग सगळीकडे सारखी बसली का ते लांबून बघा. नसेल बसली तर हवा पूर्ण काढा, वॉल्व्हची कोर बाहेर काढा आणि मगच हात लावा. हवा असताना रिंगवर हातोडी मारायची नाही, एकदाही नाही.

रेडियल टायरबाबत आणखी एक. कमी हवेवर, म्हणजे ठरलेल्या हवेच्या ८० टक्क्यांहून खाली पळालेला टायर गाडीवरच पुन्हा भरू नका. १२०च्या टायरात ९५ किंवा त्याहून कमी सापडली, तर उतरवा आणि आतून बघा. भिंतीवर काळी भुकटी, सुरकुत्यांची वर्तुळाकार रेघ किंवा मऊ पडलेली जागा हाताला लागली, तर आतल्या तारा मोडल्या आहेत. असा टायर भरताना भिंत झिपरसारखी एका रेषेत फाटते. रिंग नसलेल्या ट्यूबलेस टायरातही हे होतं. भरताना पटपट तुटल्यासारखा आवाज आला तर जवळ जाऊ नका. लांबूनच हवा सोडा आणि तो टायर कापून टाका, म्हणजे दुसरा कुणी उचलून वापरणार नाही.

चाक गाडीला लावल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि ड्रायव्हरला ५० ते १०० किलोमीटरवर पुन्हा आवळून घ्यायला सांगा. नटाभोवती तांबूस गंजाची रेघ उतरलेली दिसली तर तो नट ढिला आहे.